बसम्मासाठी खात्रीची वाट

मंगळवार, ५ ऑगस्ट
आठ दिवस काही लिहिलं नाही, उशिराबद्दल माफी असावी. चष्मा सापडत नव्हता. शोधलाही नव्हता.
सोमवारी बसम्माला डोंगरावरच्या महादेवाला जायचंय. मागच्या श्रावणात माझ्या शॉर्टकटवर ती घसरली, हाताला प्लास्टर बसलं. दगड ओला होता, माझी चूक नाही. तरी म्हणते, "अगोदर एकटे वर जाऊन धड खाली या. न्हाईतर मी मल्लेशसंगं जाते." मल्लेश तिचा भाऊ. त्याची वाट लांबून, गाडीरस्त्यानं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्याशिवाय ती कधी वर गेली नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट
घराच्या माळवदावर चढून दोन तास डोंगर पाहिला. घळीतून सरळ रूट आहे. जी वाट चढते तीच उतरते, म्हणजे अर्धाच अभ्यास पुरे. मल्लेश म्हणाला, "दाजी, उतरायचं बी बघा." हसलो. मग जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
वाटेला खुणा पाहिजेत. चुना पावसानं जातो, विभूती वाऱ्यानं. ठरलं: वीस-वीस पावलांवर दगडाखाली बेलाची डहाळी. देवाची वस्तू, कोण हात लावतो!

रविवार, १० ऑगस्ट, सकाळी ७
निघालो. बसम्मा म्हणाली, चपला बदला. नव्या चावतात, जुन्याच घातल्या.

९.३०
पोचलो! दर्शन झालं. एका जागी पोटावर सरकावं लागलं. बसम्माला जमेल.

११.३०
बेल शेळ्यांनी खाल्ला. देठसुद्धा नाही. अंदाजानं एका कपारीत घसरत उतरलो. आता वर हात पोचत नाही, खाली पाय टेकत नाही. अडकलो नाही. विश्रांती.

दुपारी १
वरून शेळ्यावाली धुरपताबाई डोकावली. "अप्पा, अडकलाव का काय?"
म्हटलं, वाट तपासतोय.
"तपासा. हितून शेळ्या बी उतरत न्हाईत," म्हणाली आणि गेली.

३.१०
रेंज नाही. भाकरी संपली. हे पान दगडाला गुंडाळून खाली टाकतोय. ज्याला सापडेल त्यानं बसम्माला द्यावं, वरचा मजकूर वाचू नये.
बसम्मा, मल्लेशला दोर घेऊन धाड. उद्या गाडीरस्त्यानंच जाऊ. तू पुढं, मी मागं. मल्लेश येतोय का तेवढं खालून ओरडून लवकर कळव.