पिंजरा नंबर सातचं पिणं

३ मार्च, सकाळी ९
लॅबच्या प्रमुख मॅडमनी दारू सोडवणाऱ्या नव्या औषधाच्या प्रयोगाच्या नोंदी माझ्याकडे सोपवल्या. प्रत्येक पिंजऱ्यात दोन बाटल्या, एक पाण्याची, एक दारूची. उंदीर पाणी सोडून दारूलाच तोंड लावतात. मेंदूतल्या एका रसायनाचा खेळ. मला तो आतूनबाहेरून ठाऊक, त्यामुळे मला धोका नाही. तरी आजपासून माझं पिणं बंद.

४ मार्च
बंद म्हणजे घरी बंद. बायकोला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. नुसतं बरं. जरा कौतुक केलं असतं तर काय बिघडलं असतं?

११ मार्च
उंदरांना रोज औषधाची सुई. त्यांचे चेहरे बघवत नाहीत. फार ताण. लॅबच्या कॅनमधलं अल्कोहोल पाणी घालून दोन घोट घेतलं. याला पिणं म्हणत नाहीत.

१४ मार्च
कॅनमधली पातळी बरीच उतरली. वहीत थोडं थोडं उंदरांच्या नावावर टाकलं. सात नंबर दांडगा गडी, त्याच्या नावावर जास्त. त्याचं काय जातंय?

२० मार्च
सकाळी हात थरथरतो. चहा फार होतोय. चहा बंद.

२७ मार्च
मुलीने शाळेत निबंध वाचला: माझे बाबा उंदरांची दारू सोडवतात. टाळ्या पडल्या म्हणे. माझा ऊर भरून आला. बायको उठून आत गेली.

२ एप्रिल
आकड्यांवरून औषध कुचकामी. औषध कंपनीने प्रयोग गुंडाळला. मॅडमची नऊ वर्षं पाण्यात. मी त्यांना धीर दिला. असा खंबीर माणूस लॅबमध्ये दुसरा नाही.

९ एप्रिल, दुपारी
मॅडमनी बोलावलं. समोर वही. म्हणाल्या, "सात नंबर अठ्ठावीस तारखेला मेला. मीच बाहेर काढला. मग एकतीसला चाळीस मिली कोण प्यायलं?"
लिहिताना चुकलं असेल, म्हणालो.
त्यांनी पिंजऱ्यांवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. उंदीर आठवड्याभरातच पाण्याकडे वळले होते. सगळे. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "कंपनी आता माझ्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवणार नाही. उद्यापासून येऊ नका."

१० एप्रिल
बायकोला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "उंदरांचं खरंच सुटलं होतं?"
हो म्हणालो.
"मग ते औषध माणसांना कधी मिळेल?"
मिळणार नाही, म्हणालो. ते मी बंद पाडलं.