सात नंबरची केबिन

पवित्र पाणी शिंपडण्याआधी ही केबिन कुणाची, एवढं विचारलं असतंस तर तुझी जीभ झिजली असती का रे, फादरसाहेब?

चि. डंकन, आशीर्वाद.

जहाजावर वारलेल्या आचाऱ्याची केबिन सातवी होती. खलाशांच्या चिठ्ठीतला इंग्रजी सात मी एक वाचला आणि तुला एक नंबर सांगितला. तू मेलेल्यासाठीची प्रार्थना जिवंत खलाशाच्या, निलोच्या, बिछान्यापाशी म्हटलीस. वर तुला बोलले, पण चूक माझी, आणि मी गप्प बसले.

आज तेच जहाज परत ब्लफ बंदराला लागलंय. निलो आपल्या चर्चच्या खलाशी-मिशनमध्ये चहा घेत बसलाय. चार महिने त्याला झोप नाही.

"आजी, मी गेलोय का?"

"गेलेला तीन चमचे साखर मागतो का, मेल्या?"

शब्द तोंडातून गेला आणि त्याने कप खाली ठेवला.

याआधी तुला लिहिलेली तीन पत्रं न पाठवता खणातच पडलीत. मला उत्तर लिहू नकोस. जहाज सुटायच्या आत डनेडिनहून ये आणि निलोला तूच उत्तर दे.

तुझी आजी,
मेव्हिस