शाल, श्रीफळ आणि वल्ही

अण्णा, तुमच्या नातीने कॉलेजचं रोइंग सोडलं. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, त्यामुळे एवढंच सांगून भागणार नाही. आम्ही राहतो त्या हॅमिल्टनपासून थोड्या अंतरावर एक लांबलचक तळं आहे. उजाडायच्या आत ही पोरगी तिथे वल्ही मारायला जायची, तिथून लेक्चरला आणि संध्याकाळी सुपरमार्केटच्या काउंटरवर. कॉलेजने जाहिरातीसाठी तिचा हसरा फोटो बसवर लावलाय. आमच्या रोटोटुना उपनगरातून मी त्याच बसने कामाला जाते. गेल्या महिन्यात मी पोळ्या लाटत होते, तेव्हा ती ओल्या मोज्यांनिशी ओट्याशी येऊन उभी राहिली. "आई, कोच गेट्स पेड, फिजिओ गेट्स पेड, इव्हन द फोटोग्राफर. ओन्ली द पीपल इन द बोट डोन्ट." मी सवयीने तुमचं वाक्य फेकलं, खेळात पैसा आणू नये. ती म्हणाली, "ईझी फॉर आजोबा. ही हॅड अ जॉब."

खरंच होतं ते. तुम्हाला शाळेचा पगार होता. संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवायचात ते हौसेने. दरवर्षी कुणीतरी तुम्हाला शाल-श्रीफळ द्यायचं, आई नारळाची चटणी करायची आणि शाल कपाटात कोंबताना तोंड वाकडं करायची. तुम्ही नुसते हसायचात. एकदाच हसला नाहीत. तुमच्या संघातली सगळ्यात चपळ मुलगी राज्य पातळीवर खेळून आली, तुम्ही अख्ख्या शाळेसमोर तिचा सत्कार केलात आणि दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर येईनाशी झाली. तुम्ही मला घेऊन तिच्या घरी जाता. तिची आई पापड लाटतेय, ती शेजारी लाट्या करतेय. "सर, तुमचे उपकार आहेत," आई हात न थांबवता म्हणते, "पण ही खेळायला आली तर हे कोण करणार?" तुम्ही चहा न घेताच उठता. घरी येऊन जेवतही नाही.

हे सगळं आठवत असून मी काय करावं? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पोरीचा सत्कार ठरवला. वाटलं, चार लोकांनी कौतुक केलं की टिकेल. भाड्याच्या हॉलमध्ये अध्यक्षांनी तिला शाल पांघरली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. "थँक यू, काका," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून मला ती लाट्या करणारी मुलगी आठवली आणि स्वतःची चीड आली. गाडीत नारळ मांडीवर घेऊन ती म्हणाली, "आय क्विट, आई. ऑलरेडी टोल्ड देम." मी गाडी सुरू केली.

नारळाची चटणी झाली. ती शाल मीच पांघरून बसलेय, गणपती झाले तरी इथली थंडी अजून सरत नाही. आज ती उजाडल्यावरही झोपली आहे, आणि घर किती दिवसांनी शांत आहे. हे पत्र कुठे धाडणार? पण तिने सोडलं म्हटल्यावर मला वाईट नाही वाटलं, अण्णा. सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही समोर असतात तर हे बोलले नसते.