पाट मोजून घेतलेली रायफल

प्रिय पाटील,

तुमच्या जिवंतपणी तुमचं नाव कधी तोंडी आणलं नाही. सारं गाव म्हणे तसं मीही पाटीलच म्हटलं, तं आताही तेच लिहिते. तुम्हाले जाऊन सव्वा महिना झाला. पत्र लिहायचं काही काम नव्हतं. पण काल बुलढाण्याच्या कचेरीतून कागद आला. परवानेदार वारले, आता रायफल कोणाच्या नावानं करायची, आन् त्या रायफलीनं मागं काही अपघात झाला होता काय, झाला तं कसा झाला, हे वारसानं आपल्या सहीनं लिहून द्यावं.

वारस म्हणजे मी. भाऊजींनी माह्या वतीनं उत्तर लिहूनही आणलं: 'रखवालदार सखाराम स्वतःच्या चुकीनं गोळीच्या मधे आला.' खाली सहीपुरती जागा सोडलेली. "वहिनी, येथी नाव टाका, बाकी मी पाहून घेतो," म्हणे. तुमच्यानंतर पाटीलकी आन् रायफल दोन्ही त्यांना पायजे.

मी म्हटलं, आज माह्यं डोकं दुखते, कागद ठेवून जा. डोकं काही दुखत नव्हतं. आधी तुमच्याशी बोलायचं होतं.

रायफल घ्यायची ठरली ते दिवस आठवतात का? ज्वारी निसवून कणसं आली की डुकरं येत, आन् सखाराम एका गोफणीवर सोळा वर्षं वावर राखत होता. तुम्हाले मात्र रोहिणखेडच्या त्या शिकारी साहेबाच्या हातातली रायफल दिसली आन् झोप उडाली. दुकानाचं चित्राचं पुस्तक मागवलं. ते वाचायले माह्या भावाले नांदुऱ्याहून बोलावलं, कारण मालगोदामातल्या कारकुनाले इंग्रजी येते आन् पाटलाले येत नाही.

भाऊ ओसरीवर बसून एकेक ओळ उलगडून सांगत होता. ही रायफल आपोआप भरते, घोडा दाबत जा, दर दाबाले एक गोळी. नळ्या दोन मापाच्या, अठरा इंची आन् बावीस इंची. "पाटील, तोकडी दाट जंगलात बरी, झटकन फिरते," तो म्हणाला. "पण समोरून हलकी. लागोपाठ मारली का तिचं तोंड वर उचलते. आपलं मोकळं रान, बाया-माणसं कामाले असतात. लांब नळी घ्या. ती समोरून जड, हातात राहते, नेमही सरळ बसतो."

तुम्ही "हाव, हाव" केलं, उठले, आन् देवघरात जाऊन दसऱ्याचा पाट मोजला.

मी दारातच होती. सुतळीनं मोजला तुम्ही! दसऱ्याले शस्त्रं त्या पाटावर पुजायची, आन् शस्त्र पाटाबाहेर गेलं तं घराबाहेर जाते, असं तुमचे आजे सांगत. आज्यांजवळ होती एक तलवार. तिच्या मापानं ते बोलले, ते सातही पिढ्यांले लागू झालं. अठरा इंची नळीची रायफल पाटात मावत होती. बावीस इंचीचं तोंड चार बोटं बाहेर येत होतं. झाला फैसला.

मी म्हटलं, सुताराले सांगा, दुपारभरात नवा पाट करून देईल. तुम्ही म्हणाले, पाट आज्याचा आहे. मी म्हटलं, मग तिरपी ठेवा. तुम्ही म्हणाले, देवापुढं तिरपं ठेवत नाहीत, तुले काय समजते बंदुकीतलं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, ते ऐकलं होतं. पाट पाहून बंदूक घेणारा माणूस मात्र माह्याच नशिबी आला.

भावानं माह्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आन् चहा प्यायला. तुम्ही जावई माणूस, तुमच्यापुढं तो तरी काय बोलेल?

दसऱ्याले मोठ्या थाटात पुजली तुम्ही ती. पाटावर अशी नेमकी बसली की तुम्ही चार घरची माणसं बोलावून दाखवली. कुंकू मीच लावलं. तिले लावताना तुमच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं, ते माह्या वाट्याले लग्नातही आलं नव्हतं.

आन् मग ती मार्गशीर्षातली सकाळ. ज्वारी उभी होती, बाजूच्या पऱ्हाटीत बाया कापूस वेचत होत्या, मी बांधावर बसून त्यांच्यावर नजर ठेवून होती. ज्वारीत डुक्कर शिरलं म्हणून तुम्ही सखारामाले हाक मारली. काय म्हटलं ते मी या कानांनी ऐकलं. "सखाराम, त्या बाभळीखाली उभा राय. इकडे आलं का आरोळी दे, माह्याकडे वळव." तो म्हणाला, "पाटील, बाभूळ तं तुमच्या समोरच येते." तुम्ही म्हणाले, "तू मले शिकवतं का बे?" तो गेला आन् उभा राहिला. पाटलानं सांगतल्यावर कोण नाही राहणार?

डुक्कर निघालं. पहिली गोळी मातीत गेली. तिथं थांबायचं होतं. पण बोट काही घोड्यावरून निघेना. दुसरी, तिसरी, चौथी, आन् दर गोळीले ते तोकडं तोंड वर वर. पाचवी सखारामाच्या गुडघ्यात गेली. डुक्कर नाल्यात उतरून निघून गेलं, त्याले खरचटलंही नाही.

आन् तुमच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? "तू मधे काऊन आला बे?"

तो जमिनीवर पडल्या पडल्या म्हणत होता, "पाटील, तुम्हीच तं उभं केलं." तुम्ही ऐकलंच नाही. ऐकलं असतं तं पाटील कसले?

पंच तुम्हीच बोलावले, सारे आपल्याच ओसरीवरचे. पंचनाम्यात लिहिलं, सखाराम न विचारता डुकरामागं धावला. काही माहिती नसताना एकानंही अंगठा द्यायले मागंपुढं पाहिलं नाही. बाईले कोण विचारते? बाईनं वाढायचं. मी वाढलं. तूप जास्तीचं वाढलं. माह्या हातानं त्यांना खाऊ घातलं आन् तोंडातून शब्द काढला नाही. तुमची थुंकी झेलणारे ते पंच, आन् आत चुलीपाशी मी. त्यांच्याहून मी काही वेगळी नव्हती, हे मले कबूल आहे.

सखारामाचा पाय कायमचा ताठ राहिला, गुडघ्यात वाकेना. रखवाली गेली. पण गावानं जे केलं ते त्याहून वाईट. कोणी कामात आडवं आलं का पोट्टेसोट्टे म्हणतात, "काऊन बे, सखाराम झाला काय?" तुमच्यापुढं म्हणत, आन् तुम्ही हसत होते. मिशीतल्या मिशीत हसत होते, मी पाहिलं आहे.

तुमच्या शेवटच्या तापात मी दहा दिवस उशाशी बसली. वाटे, आता तरी हा माणूस म्हणेल, सखारामाले बोलावून आण. दहाव्या दिवशी तुम्ही डोळे उघडले, मी कान जवळ नेला. तुम्ही विचारलं, "रायफलीले तेल दिलं का?" मी "दिलं" म्हटलं. तुम्ही गेल्यावर मी रडली, खोटं सांगत नाही, मनापासून रडली. कोणासाठी रडली ते मात्र तुम्ही विचारू नका.

तेराव्याले सखाराम आला. काठी टेकत आला, अंगणातच थांबला, जेवला नाही. मी बाहेर गेली तं म्हणाला, "बाई, पाय गेला तं गेला. पण मरायच्या आधी एकदा कोणी मनलं पायजे, का मी मधे नवतो आलो." मी तेव्हाही पदर तोंडाले लावून आत आली.

म्हणून काल कचेरीचा तो कागद हातात आला तं मी तो दोनदा वाचला. पाटील, इतक्या वर्षांत मले पहिल्यांदा कोणी विचारलं की काय झालं. मोठा साहेब असेल, मले ओळखत नसेल, छापील कागदावर विचारलं असेल. पण विचारलं.

भाऊजींचा कागद मी चुलीत घातला. त्यांना कळेल तेव्हा ते काय करतील, तेही माहीत आहे. रायफल जाईल, पाटीलकी जाईल, कदाचित मलेही नांदुऱ्याले भावाच्या दारात जावं लागेल. जाईन. तुमच्या घरात राहून ती एक ओळ गिळण्यापेक्षा ते बरं.

तं ऐका, तुम्हाले शब्द देते. उद्या सकाळी गाडी जुंपायले सांगतली आहे. सखारामाले गादीवर बसवून नेणार, तुमच्या जागेवर. आधी मारुतीच्या पारावर गाडी थांबवीन आन् माह्या उत्तराचा कागद मोठ्यानं वाचीन, सारे ऐकतील असा. मग बुलढाण्याले जाऊन कचेरीत देईन. माह्यं अक्षर काही चांगलं नाही, चौथीपर्यंतचंच आहे. सकाळपासून तीन कागद फाडले. आता पहिली ओळ जमली आहे.

'मी तिथं होती.'

गोदावरी