दोन दट्टे कमी

माण, ९ नोव्हेंबर २०२५

चि. जान्हवीस, वाल्मीकमामाचे अ. उ. आ. वि. वि.

फोनवर मी चिडतो आणि तू मीटिंगचं निमित्त सांगून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. पत्र तुला शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

दिवाळीच्या पाडव्याला मी आणि सूसचा शंभू आपापल्या गाड्या घेऊन ताम्हिणी उतरलो. दोन्ही गाड्या तुझ्याच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, रंगसुद्धा एकच. शर्यतीचे बैल विकले तरी मामाची वेगाची हौस गेली नाही, हे तुला ठाऊकच आहे. चौथ्या वळणावर माझा ब्रेक लोण्यात पाय पडावा तसा खाली गेला. शेजारी तुझी मामी होती. गाडी रस्ता सोडून हातभर मातीत जाऊन थांबली. शंभूची मात्र दाबली तिथं उभी.

उतरून चाकं पाहिली. त्याच्या पुढच्या ब्रेकला तबकडी आवळणारे चार दट्टे, माझ्याला दोनच. माहितीपत्रकात चार छापलेत. शंभूनं गाडी भर पितृपक्षात घरी नेली, मी दसऱ्याचा मुहूर्त धरला. मधल्या वीस दिवसांत कंपनीनं भाग बदलला आणि कुणाला कळवलं नाही. शंभू म्हणतो, तुझे दोन दट्टे पितरांनी ठेवून घेतले. अख्खं माण हसतंय.

तू तिथं खरेदी विभागात आहेस. हे कुणी आणि कधी ठरवलं, एवढं कळव. मी गप्प बसायचा नाही.

रागीट असलो तरी मामा तुझाच आहे, तेवढी माया राहू दे.

तुझा,
वाल्मीकमामा


तळेगाव, १६ नोव्हेंबर २०२५

ती. वाल्मीकमामांस, जान्हवीचा सा. न. वि. वि.

मामी बरी आहे ना? तुम्ही साठीत घाट उतरता, तेही शंभूमामाशी चुरस लावून, हे आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती गाडीची किल्लीच काढून घेईल.

नवा ब्रेक चाचणीत पास झालेला आहे. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो. मामा, हे नियमात बसतं. कंपनी मोठी आहे, तुम्ही एकटे आहात, उगाच डोकं आपटून घेऊ नका. गाडी हळू चालवा.

आणि एक विनंती. यातलं काही यापुढे मला विचारू नका. माझी नोकरी तिथं आहे.

मामीला नमस्कार. माझ्यावर रुसू नका, एवढंच मागणं.

आपली,
जान्हवी


माण, ३० नोव्हेंबर २०२५

चि. जान्हवीस, अ. उ. आ.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. मग तिनंच आठवण करून दिली की पितृपक्षात तू तीनदा फोन केला होतास. मामा, गाडी तयार आहे तर अमावास्येच्या आत घ्या, असा तुझा हट्ट. कारण विचारलं तर सांगेनास. मी तुला बोललो की चार बुकं शिकलीस म्हणून पितर काय मोडीत काढायचे? तू रडवेली झाली होतीस.

म्हणजे तुला माहीत होतं. मला फार लागलं, जान्हवी. तू लहानपणी माझ्या बैलगाडीत पुढं बसायचीस, आणि त्याच मामाला तू अर्धवट ब्रेकावर घाटात जाऊ दिलंस. मी राग धरून बसणारा नाही, पण लागलं ते लागलं.

आता इकडची बातमी. दसऱ्यापासून गाडी घेतलेले आम्ही एकतीस जण हिंजवडीत जमलो. बाकी सगळी ऑफिसातली पोरं, कुणी लातूरचं, कुणी अकोल्याचं. मला ती काका म्हणतात आणि पुढं बसवतात. मंगळवारी कंपनीचा शैलेश नावाचा साहेब घरी आला. तुमच्या एकट्याच्या गाडीला चार दट्टे बसवून देतो, या कागदावर सही करा आणि त्या पोरांतून बाहेर पडा, असं गोड बोलला. मी चहा पाजला आणि कागद परत दिला. बसवायचे तर एकतीस गाड्यांना बसवा, नाहीतर मला नकोत. मामी पाठीमागनं म्हणाली की चहात साखर उगाच घातली.

आम्ही ग्राहक आयोगाकडं जातोय. कंपनीला आधीपासून माहीत होतं का, हे वकील पुन्हा पुन्हा विचारतात. मी माहीत नाही म्हणून सांगितलं. तुझं नाव माझ्या तोंडून कधी निघणार नाही. पण माघार घे म्हणशील तर तेही होणार नाही.

मामीनं कुरडया पाठवल्यात. मनात अढी ठेवू नकोस, मीही ठेवत नाही.

तुझा,
वाल्मीकमामा


तळेगाव, १८ जानेवारी २०२६

ती. वाल्मीकमामांस, सा. न. वि. वि.

दीड महिना उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायला धीर होत नव्हता.

बदल १९ ऑगस्टला ठरला. चार दट्ट्यांचा माल संपत आला होता, म्हणून खालच्या मॉडेलचा ब्रेक लावायचं ठरलं. दसऱ्याची बुकिंगं जाऊ नयेत म्हणून माहितीपत्रक दिवाळीपर्यंत तेच ठेवायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं. मी तिथं होते. बाहेर बोलायची मनाई होती. तुम्हाला निदान जुन्यातली गाडी मिळावी म्हणून फोन केले, पण खरं कारण सांगायला घाबरले. बाकीच्या तीस जणांचा तर विचारही केला नाही. तुम्ही त्यांच्यासाठी कागद परत दिलात हे वाचून मला माझीच लाज वाटली.

आयोगाची नोटीस आल्यावर आमच्या विभागात एकेकाला बोलावलं. बदल दसऱ्याच्या आठवड्यात ऐनवेळी ठरला, कळवायला वेळच मिळाला नाही, असं लिहून द्यायचं होतं. सगळ्यांनी दिलं. मी १९ ऑगस्ट लिहिलं आणि खाली सही केली. त्याची प्रत सोबत जोडली आहे, ती वकिलांना द्या. माझं नाव झाकू नका. आईला सांगितलंय. ती रडली, आणि मग म्हणाली की तू माझ्या भावावर गेलीस.

मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी दिला नाही. आता माझं टेबल जिन्याजवळ हलवलंय. संगणक काढून घेतलाय, काम देत नाहीत, कुणी बोलत नाही. घाबरवून घालवता येईल असं त्यांना वाटतंय.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या, बाकी मी पाहून घेईन. मी रोज पावणेनऊला जाऊन त्या रिकाम्या टेबलाशी बसते. डबाही तिथंच खाते. काढायचं असेल तर त्यांनी तसं लेखी देऊन काढावं, मी आपण होऊन उठणार नाही.

तुमची,
जान्हवी