फाटकाजवळची खुर्ची

ताई, तुले सपनाचा नमस्कार. मी इथं मजेत हाय. हाताले जरासं खरचटलं, ते आईले सांगू नको.

स्नेहसंमेलनात आम्हा गुन्हेशास्त्राच्या पोरापोरींले बंदोबस्तावर ठेवलं होतं. एका पोरीची ओढणी ओढली म्हणून आठ-दहा जण एकाले तुडवून राह्यले होते. मी मधात घुसली अन् पाह्यलं तं रजत! आर्वीच्या स्टँडवर जो तुया मागं मागं फिरे, ज्याच्यापायी तुयं कॉलेज सुटलं, तोच.

खरं सांगू? वाटलं, सरकावं बाजूले, खाऊ द्यावा मार. पण मंग लोकायले त्याची कीव आली असती. म्हणून त्याले सोडवलं, फाटकाजवळ खुर्चीत बसवलं अन् सरायले म्हटलं, याच्या बापालेच बोलवा.

त्याचे बाप महादेवराव आले. आपले बाबा तक्रार घेऊन गेलते, तवा याच माणसानं आपल्या दुकानात बसून गिऱ्हाइकायपुढं म्हटलं होतं, "पोरीले घरात ठेवा." मी साऱ्या पोरायपुढं म्हटलं, "काकाजी, पोराले घरात ठेवा." त्यायनं पोराचा दंड धरला अन् त्याले फाटकाबाहेर नेलं.

आईचे गुडघे कसे हायत? माळ्यावरची तुयी कॉलेजची बॅग काढजो अन् झटकजो. घरात राहाची पाळी आता त्याची हाय.

तुयी लहानी,
सपना