निळांबरीची लव

ती. ताईस सुमेधाचा ताथवड्याहून वाकून नमस्कार.

लेकीकडे मजेत आहे. परवा नातीच्या, ऋताच्या, वाळवलेल्या रानफुलांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. पुरंदरची निळांबरी आणि हिमाचलातली तिची बहीण, दोन्ही निळ्या, मागे शेपटी असलेल्या. कॉलेजात दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या.

"आजी, तुला धड दिसत नाही, राहू दे!"

मी डोळे मिटून देठांवरून बोट फिरवलं, पाचगणीच्या शाळेत सिस्टर शिकवायच्या तसं. लव लागली ती आपली निळांबरी; गुळगुळीत ती पाहुणी. ऋताचे सर म्हणाले, अगदी बरोबर!

तुझे गुडघे कसे आहेत? एसटीत बसवतं का? सोमवारी माझा मोतीबिंदू काढणार आहेत. काळजी नको. पट्टी असली तरी तुझा हात मी ओळखीन. येशील ना?

तुझीच,
सुमी